तात्पर्य कोणाला विचारावे?

उच्चारलेल्या वाक्याचा अर्थ वक्त्याच्या स्वाधीन असतो की श्रोत्याच्या, हा आमच्या न्यायशास्त्रातला जुना वाद. परंतु ज्यांची उभी हयात मुंबईच्या विमानतळावर हवाई वाहतुकीचे नियंत्रण करण्यात गेली, त्या माझ्या स्नेह्यांशी, नानांशी, बोलत असता तोच वाद इतक्या निकडीच्या स्वरूपात माझ्यापुढे उभा राहिला की, तो संवाद लिहून ठेवावा असे वाटले. जेथे माझे मत नानांहून निराळे पडले, तेथे ते मी झाकून ठेवलेले नाही.

नाना : ढगांत शिरलेल्या वैमानिकाला बाहेरचे काहीच दिसत नाही; समोरची उपकरणे आणि कानांत येणारा आमचा आवाज, एवढ्यावर विसंबून तो चढत असतो. म्हणून मोठ्या विमानतळांचे प्रस्थानमार्ग आधीच आखलेले असतात, आणि अमुक बिंदू ५,००० फुटांवर किंवा त्याखालूनच ओलांडावा, अशा अटी त्यांच्या नकाशांवर छापलेल्या असतात, कारण बहुधा त्याच बिंदूच्या वरून उतरणाऱ्या विमानांची वाट जात असते. आता समजा, विमान निघाले आणि नियंत्रकाने सांगितले, '१०,००० फुटांपर्यंत चढा.' मग नकाशातली अट राहिली की गेली?

मी : सामान्य विधीने विशेष विधी बाधित होत नाही, असे मीमांसक म्हणेल. अट राहिली.

नाना : आणि पुष्कळ वैमानिक म्हणतील की, मागाहून आलेला हुकूम आधीचा हुकूम रद्द करतो, अट गेली. कित्येक वर्षे एका देशाचा रिवाज तुमच्या मीमांसकाच्या बाजूचा, तर दुसऱ्या देशाचा या वैमानिकांच्या बाजूचा होता, आणि विमान सकाळी एका देशात तर दुपारी दुसऱ्या देशात असे. अखेर २०१६ साली आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने शब्दयोजनाच ठरवून दिली : 'प्रस्थानमार्गाने चढा' म्हटले की अटी कायम, आणि अटी उठवायच्या असतील तर त्या उठवल्याचे नियंत्रकाने स्पष्ट बोलायचे.

मी : म्हणजे वाद निकालात निघाला.

नाना : दप्तरात निघाला. शास्त्रीबुवा, मला छळणारी गोष्ट निराळी आहे. शंका आली असता दोन वैमानिक एकमेकांकडे पाहतात. एक विचारतो, 'वर जायचंच ना?', दुसरा म्हणतो, 'हो.' दोघांचे एकमत झाले आणि शंका संपली. पण मुळात ती शंका कोणाच्या वाक्याविषयी होती? माझ्या. आणि मला तर कोणी विचारलेच नाही.

नानांच्या या वाक्याने मला आमच्या ग्रंथांतल्या 'सैंधवा'ची आठवण झाली. धनी म्हणतो, 'सैंधव आण'. तो जेवायला बसला असेल तर सेवकाने मीठ आणावे, प्रवासाला निघाला असेल तर घोडा आणावा, कारण त्या एका शब्दाला दोन्ही अर्थ आहेत आणि वक्त्याचे तात्पर्य प्रकरणावरून जाणायचे असते. परंतु प्रकरणच संदिग्ध असेल, तर शंभर सेवकांनी एकमताने घोडा ठरविला तरी त्याने धन्याचे तात्पर्य सिद्ध होत नाही. श्रोत्यांचे ऐकमत्य हे प्रमाण नव्हे, हा माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा आहे.

मी : तर मग नियम सोपा झाला. शंका येताच ती वक्त्यालाच विचारावी.

नाना : सोपा? टेनेरिफची कैफियत ऐका, मग सांगा. २७ मार्च १९७७. ग्रान कॅनेरियाच्या विमानतळावर बाँबस्फोट झाला म्हणून तिकडची विमाने शेजारच्या टेनेरिफ बेटावरच्या लोस रोदेओस या लहान विमानतळावर वळवली होती. धावपट्टी एकच, तिच्यावर ढग उतरलेले, जमिनीवरचे विमान दाखविणारे रडार नाही. के. एल. एम.चे ७४७ धावपट्टीच्या टोकाला उड्डाणासाठी वळून उभे आहे, आणि पॅन अ‍ॅमचे ७४७ त्याच पट्टीवरून त्याच्याच दिशेने सरकत येत आहे, अशी स्थिती. डच कप्तानाने इंजिनांचा जोर वाढवायला घेतला, तेव्हा सहवैमानिकाने सांगितले की, अजून परवानगी मिळालेली नाही. कप्तान म्हणाला, ठाऊक आहे, विचार. त्याने विचारले. टॉवरने उत्तरादाखल पुढचा मार्ग सांगितला : 'पापा' नावाच्या बीकनपर्यंत जावे, ९,००० फुटांची पातळी धरावी, टेक-ऑफनंतर उजवीकडे वळावे, वगैरे. ही आकाशातल्या मार्गाची परवानगी होती. जमीन सोडण्याची नव्हती. पण 'टेक-ऑफ' हा शब्द तिच्यात आला.

मी : आणि ज्याला निघण्याची घाई असते, त्याला तेवढाच शब्द पुरतो.

नाना : घाईला कारण होते. कामाच्या तासांची डच नियमांतली मर्यादा भरत आली होती. ती ओलांडली की सारे प्रवासी त्या रात्री बेटावरच अडकले असते. सहवैमानिकाने सर्व मजकूर बरोबर परत म्हणून दाखविला, आणि शेवटी इंग्रजीत एक वाक्य जोडले, ज्याचा अर्थ 'आम्ही आता टेक-ऑफच्या जागी आहो' असाही होतो आणि 'आम्ही टेक-ऑफ करीत आहो' असाही. तोवर कप्तानाने विमान सोडलेही होते. टॉवर म्हणाला, 'ओके', आणि क्षणभर थांबून, 'टेक-ऑफसाठी थांबा, मी सांगेन.' त्याच क्षणी पॅन अ‍ॅमच्या वैमानिकाने घाबरून सांगितले की, आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत. एका वारंवारतेवर दोघे एकदम बोलले की दोन्ही आवाजांची मिळून एक कर्कश शीळ होते. डच कॉकपिटमध्ये ऐकू आले ते फक्त 'ओके'.

येथे मी बराच वेळ काही बोललो नाही. दोन माणसांनी आपापले कर्तव्य ओळखून, अगदी योग्य वेळी, अगदी योग्य तीच सूचना दिली. दोहोंपैकी एक जरी एकटीच उच्चारली गेली असती, तरी ५८३ माणसे मेली नसती. सत्याने सत्याचा असा घात केल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही, आणि 'शंका येताच बोलावे' हा माझा सोपा नियम त्या शिळेतच विरून गेला. बोलण्याची मुभा सर्वांना आणि वाट मात्र एकच, अशा ठिकाणी प्रत्येक प्रश्न दुसऱ्या कोणाचा तरी आवाज बंद करीत असतो.

मी : मग मौन धरावे काय?

नाना : चरखी दादरीला मौनच होते, म्हणाना. १२ नोव्हेंबर १९९६. दिल्लीहून निघालेले सौदी विमान १४,००० फुटांवर रोखलेले, समोरून उतरणारे कझाक विमान १५,००० वर. नियंत्रकाने कझाक विमानाला समोरच्या विमानाची सूचना दिली, अंतर सांगितले, पातळी सांगितली, आणि पोच मिळाली. पोच देणारा मात्र वैमानिक नव्हता, निराळा रेडिओचालक होता; विमान ज्यांच्या हाती होते, ते पातळी सोडून खाली येत राहिले. दिल्लीच्या तेव्हाच्या रडारवर उंची दिसत नसे, त्यामुळे नियंत्रकाजवळ त्या पोचेखेरीज काहीच नव्हते. ३४९ माणसे गेली.

मी : म्हणजे शब्द परत आले, अर्थ परत आला नाही.

नाना : शब्द परत येणे हा अर्थ पोचल्याचा पुरावा नव्हे, हे आम्हांला पटले ते असल्या तहकीकातींतून. टेनेरिफनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच उच्चारायचा, एरवी 'डिपार्चर' म्हणायचे, असे ठरले. चांगले झाले. पण मला त्या कॉकपिटमधला तिसरा माणूस विसरता येत नाही. पुढच्याच क्षणी शीळ थांबली, आणि धावपट्टी मोकळी केल्यावर कळवतो, असे पॅन अ‍ॅमचे शब्द स्वच्छ ऐकू आले. फ्लाइट इंजिनिअरने विचारले, 'तो अजून बाहेर पडला नाही काय?' कप्तान ठासून म्हणाला, 'पडला तर.' आणि इंजिनिअर गप्प बसला.

मी : त्याने विचारले, पण श्रोत्याला विचारले.

नाना : तेच. सहवैमानिकाने एकदा रोखले होते. त्याची ७४७ वरची पात्रता-परीक्षा याच कप्तानाने घेतलेली. दुसऱ्यांदा रोखण्याचे बळ त्याच्यात उरले नसावे. आणि हा तिसरा प्रश्न विचारून थांबला.

मी : परंतु विमान धावू लागल्यावर टॉवरला विचारायला सवड कोठे होती? वक्त्याकडे जाण्याची वाट बंद, श्रोत्याचे उत्तर अप्रमाण, आणि हाती थोडे सेकंद. त्याने काय करावे?

नाना : 'थांबा' म्हणावे. प्रश्न विचारू नये.

मी : आणि पट्टी मोकळी असती तर? कप्तानाचा अपमान, शेकडो प्रवाशांचा खोळंबा, आणि याच्या नोकरीवर शेरा.

नाना : होय. हे सारे त्याने पत्करावे.

येथे मात्र माझे मन नानांच्या मागे जाईना. ज्याच्या हाती सर्वांत थोडा अधिकार, त्याच्याच शिरावर सर्वांत मोठे धैर्य लादणे हा न्याय नव्हे, असे मला वाटते. अशा माणसाने चुकून जरी विमान थांबविले, तरी त्याच्यावर ठपका येणार नाही अशी तजवीज आधी कप्तानांनी आणि कंपन्यांनी केली पाहिजे, मगच त्याच्या मौनाचा हिशेब मागावा. नानांना मी तसे सांगितले. ते रागावले नाहीत. उलट त्यांनी दोष स्वतःच्या पेशाकडे ओढून घेतला.

नाना : तिसऱ्यापर्यंत प्रकरण जाऊच नये. आमच्यापुढे प्रत्येक विमानाची एक लांबट कागदी पट्टी असे, तिच्यावर मार्ग, पातळी, दिशा यांचे रकाने. वैमानिक परत म्हणू लागला की एकेका रकान्यावर पेनाने खूण करीत जायचे. टेनेरिफचे परतवाचन असे तपासा : बीकन बरोबर, पातळी बरोबर, वळण बरोबर. घात करणारे वाक्य सर्वांत शेवटी आले, आणि त्या वाक्याला पट्टीवर रकानाच नसतो. खुणा पुऱ्या झाल्या की कान आपोआप सैल पडतो आणि तोंडातून 'ओके' निघून जातो. म्हणून मी शिकाऊ मुलांना सांगत असे की, ज्याला रकाना नाही असे काहीही ऐकू आले, की पेन थांबवा आणि 'काय करीत आहात' असे त्या वैमानिकालाच विचारा. मागे चार विमाने खोळंबली तरी खोळंबू द्या.

मी : आणि ते विचारीत?

नाना : दुपारी, दोनचार विमाने असताना, सारेच विचारीत.

मी : गर्दीच्या वेळी?

नाना : गर्दीच्या वेळी त्यांच्या खुर्चीमागे मी स्वतः उभा राहत असे.