निसर्गाला पोकळीचे वावडे आहे काय?

काहीही नसलेली जागा असू शकते का, हा प्रश्न युरोपात सुमारे दोन हजार वर्षे तत्त्वज्ञानाच्या आणि धर्मशास्त्राच्या कक्षेत होता. ॲरिस्टॉटलच्या मते अशी जागा अशक्य होती. माध्यम जितके विरळ तितकी त्यातून जाणारी वस्तू वेगवान. मग माध्यमच नसेल तर वेगाला काही परिमाणच उरणार नाही, असा त्याचा युक्तिवाद. मध्ययुगात या मताची गाठ ईश्वराच्या सर्वशक्तिमत्तेशी पडली. मागे पोकळी उरेल म्हणून ईश्वर आकाश सरळ रेषेत हलवू शकत नाही, हे विधान पॅरिसचे बिशप एत्येन तांप्ये यांनी १२७७ मध्ये निषिद्ध ठरवले. त्यामुळे पोकळी ईश्वराला शक्य आहे, पण निसर्गाला तिचे वावडे आहे, असे म्हणण्याला वाव मिळाला. पंपाचा दट्ट्या ओढला की पाणी वर चढते, तेही या वावड्यामुळेच, असा समज होता.

मात्र ओढपंप पाणी सुमारे दहा मीटरपलीकडे चढवत नाही, याची नोंद गॅलिलिओच्या १६३८ मधील ग्रंथात आहे. निसर्गाचे वावडे नेमके तिथेच का संपावे? १६४४ मध्ये तॉरिचेल्लीने एका पत्रात उत्तर सुचवले. एका टोकाशी बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरून पाऱ्याच्याच भांड्यात उपडी केली, तर पारा सुमारे ७६ सेंटिमीटर उंचीवर थांबतो आणि वर जागा रिकामी राहते. पाऱ्याला वरून कोणी ओढत नाही. भांड्यातील पाऱ्यावर पडणारा हवेचा दाब त्याला तोलून धरतो. स्थिर द्रवातील दाब खोली आणि घनतेनुसार वाढतो, भांड्याच्या आकारावर तो अवलंबून नसतो. पारा पाण्याच्या १३.६ पट घन आहे, म्हणून तोच दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंच स्तंभ पेलतो. पंपाची मर्यादा हीच.

हवेच्या वजनामुळे हे घडत असेल, तर उंचावर पारा उतरला पाहिजे. ब्लेझ पास्कलच्या सूचनेवरून त्याचे मेहुणे फ्लोरँ पेरिये १९ सप्टेंबर १६४८ रोजी प्वी द दोम हा डोंगर चढले. माथ्यावर पारा सुमारे साडेआठ सेंटिमीटर खाली आला. पायथ्याच्या क्लेरमाँमध्ये एका मठात ठेवलेल्या नळीत तो दिवसभर जागचा हलला नाही. वावडे हे कारण धरले, तर ते पायथ्याशी अधिक आणि माथ्यावर कमी का, याचा उलगडा होत नाही.

पण या प्रयोगाने सोडवला तो एकच प्रश्न: पारा का थांबतो. पाऱ्यावरची जागा खरोखर रिकामी आहे का, हा प्रश्न निराळा. तिथून प्रकाश आरपार जातो, म्हणजे तिथे काही द्रव्य असलेच पाहिजे, असे जेझुइट एत्येन नोएल यांनी १६४७ मध्येच पास्कलला लिहिले होते. देकार्तला हवेचा दाब मान्य होता, तरी ती जागा सूक्ष्म द्रव्याने भरलेली आहे, असे तो म्हणे. यांपैकी कोणतेही मत डोंगरावरच्या मोजमापाने खोटे ठरत नव्हते. आज त्या जागेत पाऱ्याची अत्यल्प वाफ असल्याचे माहीत आहे, आणि पुंज सिद्धांतानुसार अवकाशातील निर्वातही क्षेत्रविरहित नसते.

पोकळीवर योजलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पास्कलने अधिकाराची सीमा आखली. इतिहासात आणि धर्मशास्त्रात ग्रंथप्रामाण्य चालते. जे इंद्रियांना व बुद्धीला गवसते, तिथे प्रयोग व तर्क हेच प्रमाण. पास्कल स्वतः निष्ठावान ख्रिस्ती होता, त्यामुळे ही विभागणी धर्माविरुद्धची नव्हती. दाबाच्या सिद्धांताने निसर्गातून आवडनिवड हे कारण वजा केले आणि तिथे मोजता येणारे वजन ठेवले. पोकळीच्या अस्तित्वाचा प्रश्न मात्र त्यामुळे मिटला नाही. दाबाच्या प्रश्नापासून तो वेगळा झाला.