दिवा लावला की इंजिन तापतं का रे?

तू पाठवलेला तुझ्या विमानाच्या इंजिनाचा लॉग मी पाहिला. शेवटच्या ओळीपर्यंत पाहिला. तू पाहिलास का? पाहिला असतास, तर "सर, आणखी एक कंट्रोलर मागवू का?" असं विचारायला तुझी जीभ रेटली नसती.

आणखी एक! पहिला म्हणे खराब निघाला. दुसराही खराबच निघाला. मधल्या काळात क्रँक सेन्सर बदललास, कॉइल बदलल्यास, इंजेक्टर धुऊन आणलेस. इंजिन होतं तिथेच, अजून ठेचकाळतंच आहे. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, याहून वेगळं तू काय केलंस? बनवणाऱ्यांनी तुझा पहिला कंट्रोलर बेंचवर तपासून "दोष नाही" अशी चिठ्ठी लावून परत पाठवला. ती चिठ्ठी वाचून तुला राग आला म्हणे. लाज वाटायला हवी होती.

आता तो लॉग पुन्हा उघड. लँडिंग लाइट लावतोस ती ओळ काढ. त्याच क्षणी इंजिनाच्या तापमानाचा आकडा सहा अंशांनी उडी मारतो. दिवा बंद केलास की मुकाट जागेवर येतो. दिवा पंखात आणि सेन्सर इंजिनवर. दिवा लावला की इंजिन तापतं का रे? तेही डोळ्याची पापणी लवायच्या आत? नाही ना? मग आकडा का हलला?

तुला उत्तर माहीत आहे, म्हणून तर माझा संताप होतो. इंजिनिअर आहेस. तो सेन्सर अंश पाठवत नाही, व्होल्ट पाठवतो, आणि कंट्रोलर ते स्वतःच्या ग्राउंडपासून मोजतो. दिव्याचा करंट वाहू लागला आणि ग्राउंडच वर उचललं गेलं, तर सगळे आकडे खोटे होणार. म्हणजे दिवा, पंप आणि कंट्रोलर यांचा परतीचा करंट एकाच रोगट जोडातून जातोय. लॉग ओरडून सांगतोय आणि तू कान झाकून खरेदी करतोयस.

शेजारचा रकाना पाहा. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, कंट्रोलरला पोचतात १२.६. मधले दीड व्होल्ट कोणी खाल्ले? १५ अँपिअर वाहत असतील तर दीड व्होल्ट म्हणजे ०.१ ओहम. एवढासा रोध. पण त्यात साडेबावीस वॉट जळतायत. तेवढ्यावर छोटं सोल्डरिंग आयर्न चालतं.

यावर तुझं उत्तर मला ठाऊक आहे. "सर, मी मीटर लावला होता, शून्य ओहम आला, पीं वाजलं." वाजणारच! ओहम मोजताना मीटर चिमूटभर करंट सोडतो. तुझ्या वीस गेजच्या वायरमध्ये १९ बारीक तारा असतात. त्यातल्या १८ तुटल्या आणि एकच उरली, तरी मीटर पीं करतो. शिवाय मीटरच्या दोन लीडचाच रोध साधारण ०.१ ओहमच्या घरात. त्या मीटरला तुझा दोष दिसणार कसा? दोष करंट वाहत असतानाच सापडतो. हे तुला पहिल्या वर्षाला शिकवलंय. कळतं, पण वळत नाही.

"वायरिंग तर नवीन आहे." नवीन म्हणजे निर्दोष, हे कुठल्या पुस्तकात वाचलंस? तूच पाठवलेला फोटो मोठा करून बघ. इंजिन माउंटवर पांढराशुभ्र पावडर कोट, त्यावर चकचकीत थिंबल, त्यावर चकचकीत बोल्ट. फोटो छान आलाय. पण पावडर कोट हा विद्युतरोधक आहे, हे मी सांगायचं का? रंग खरवडून खालचा धातू उघडा केला नाहीस, म्हणजे सगळा करंट बोल्टच्या आट्यांमधून वाट काढतोय. इंजिन माउंटवर बसतं तेही रबरावर. इंजिनापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत जाडजूड पट्टी हवी. ती फोटोत कुठे आहे? नसेल, तर स्टार्टरचा शेकड्यांत जाणारा करंट परत येतो कुठून? थ्रॉटलच्या केबलमधून? सेन्सरच्या शिल्डमधून? स्टार्ट केल्यावर थ्रॉटलची केबल कधी हाताला कोमट लागली का? लागली असेल आणि तू गप्प बसला असशील, तर कमाल आहे तुझी.

"पण सर, मधे आठवडाभर अगदी ठीक चालत होतं." का चालत होतं? कारण तू कनेक्टर काढून परत लावलास. पिना घासल्या गेल्या, चार दिवस संपर्क बरा झाला. तू टाळ्या पिटल्यास आणि वहीत लिहिलंस, "समस्या सुटली." विजेचा दोष आपणहून बरा होत नाही. तो दबा धरून बसतो. कारण सापडलं नाही तोवर काहीही सुटलेलं नाही.

"जमिनीवर व्यवस्थित चालतं." तू काय जमिनीवर हिंडायला विमान बांधलंस? २७०० फेऱ्यांना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला ९० ठोके पडतात. तासाला ३,२४,०००. जिथे सोल्डर वायरीत वर चढून तिला ताठ करतं, तिथेच एकेक तार तुटत जाते. हा हिशोब हँगरमध्ये पाच मिनिटं इंजिन फिरवून दिसत नाही.

आणि एक विसरू नकोस. जुन्या लायकॉमिंग इंजिनाला मॅग्नेटो असतात. मास्टर स्विच बंद केला, बॅटरी मेली, तरी ठिणगी पडत राहते. तू ते काढलेस. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन हवं होतं ना? हरकत नाही, चांगली गोष्ट आहे. पण आता पंप, इंजेक्टर, कॉइल, कंट्रोलर, सगळे विजेवर. वीज गेली की इंजिन गेलं. रोटॅक्सने २०१२ मध्ये ९१२ आयएस इंजिन काढलं, तेव्हा हाच विचार करून कंट्रोलला दोन लेन दिल्या आणि इंजिनातच दोन जनरेटर बसवले. तूही दोन कंट्रोलर बसवलेस, मोठ्या अभिमानाने सांगतोस. दोघांचं ग्राउंड कुठे आहे? रंगावर बसवलेल्या त्याच एका बोल्टवर. मग बॅकअप कशाचा, बोल्टचा?

बॅटरी १७ अँपिअर-तासांची आहे म्हणतोस. तो आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तरचा. अल्टरनेटर गेल्यावर तुझं इंजिन किती अँपिअर ओढतं, हे मोजलंस? तेवढाच भार लावून बॅटरी किती मिनिटं टिकते, हे पाहिलंस? नाही. आणि विमानतळापासून तासभर लांब जायच्या गप्पा!

तुला जमत नाही, असं असतं तर मी एवढा चिडलो नसतो. या तुझ्या आरव्ही-७ विमानाचा पंख बांधताना एक रिव्हेट किंचित तिरका गेला, तर तू तो ड्रिल करून काढायचास. गेज लावून हजारो रिव्हेट तपासलेस. तोच माणूस वायरच्या टोकाशी आला की "चालेल" म्हणतो? कारण रिव्हेटचं पाप दिसतं. क्रिंपचं पाप नळीखाली झाकलं जातं. ती नळी तूच चढवलीस ना?

नवा कंट्रोलर मागवणं तुला सोपं का वाटतं, सांगू? दोष डब्यात निघाला तर तू निर्दोष. दोष क्रिंपमध्ये निघाला तर तो तुझ्या हाताचा. म्हणून तू काउल उघडत नाहीस, पाकीट उघडतोस.

अमेरिकेचा कायदा तुला रिपेअरमन सर्टिफिकेट देतो. स्वतः बांधलेल्या विमानाची वार्षिक तपासणी तू स्वतः करायची आणि खाली सही ठोकायची. तुझ्यावर तपासनीस नाही, तूच तपासनीस. शेजारी बसणारा माणूस त्या सहीवर भरवसा ठेवून पट्टा बांधणार आहे. "समस्या सुटली" लिहिणाऱ्या हातावर त्याने का विश्वास ठेवावा?

आता ऐक. काउल काढ. कॉइल आणि इंजेक्टरचे फ्यूज काढ, नाहीतर प्रोपेलरला हात लागला तर इंजिन लाथ मारेल. पंप, दिवे, रेडिओ, सगळं चालू कर. मीटर व्होल्टवर ठेव. एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं कंट्रोलरच्या ग्राउंड पिनवर. ०.१ व्होल्टच्या वर आकडा आला की एकेक जोड मागे सरकत ये. आकडा जिथे पडतो, तिथे तुझा चोर. मग तीच वाट धनाच्या बाजूने. प्रत्येक वायर हलवून बघ, क्रिंप ओढून बघ. एका वेळी एकच गोष्ट बदल. आणि वहीत आकडे लिही, भावना नकोत.

तोवर विमान हँगरच्या बाहेर काढायचं नाही. नव्या पार्टचं नाव माझ्यासमोर घ्यायचं नाही. रविवारी मला फोन कर, आणि "बहुतेक", "वाटतं", "असावं" हे शब्द घरी ठेवून कर. मला फक्त मिलिव्होल्ट सांगायचे.