विचारण्याआधीच दिलेले उत्तर

डोंबिवली, कल्याण किंवा ठाण्यातल्या वन-रूम-किचनमध्ये टीव्ही एकच असतो आणि तो घरातल्या सगळ्यांचा असतो. आई-वडील सकाळची फास्ट लोकल पकडून मुंबईला गेलेले असतात. मूल शाळेतून पाळणाघरात किंवा आजीच्या ताब्यात येते, दुपारी कार्टून बघते आणि दिवेलागणीनंतर आजीबरोबर मालिका. केबल टेलिव्हिजनच्या नियमांप्रमाणे वाहिनीला तासाला १२ मिनिटे जाहिराती दाखवता येतात. म्हणजे दोन तास टीव्हीपुढे बसलेल्या मुलाच्या वाट्याला २४ मिनिटांपर्यंत जाहिराती येतात, आणि त्या त्याच त्या असल्यामुळे पाठ होतात. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून असा निष्कर्ष काढला की, आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतूच उमगत नाही. समोरचा आपल्याला काहीतरी विकायला बसला आहे हे न कळता ती ऐकलेले खरे धरून चालतात. यातून निघणारा प्रश्न बालमानसशास्त्रापाशी संपत नाही, तो नीतीचा आहे. ज्याला आपला हेतू कळत नाही, त्याचे मन वळवण्याचा अधिकार आपल्याला पोहोचतो का? आणि वस्तू विकता विकता आपण त्याला तो कोण आहे हेही सांगत असू, तर?

या दुसऱ्या प्रश्नाचे गांभीर्य वाईट जाहिरातीपेक्षा चांगल्या जाहिरातीतून अधिक कळते. सर्फ एक्सेलची २००५ च्या सुमाराची 'दाग अच्छे हैं' ही जाहिरात अनेकांच्या अजून लक्षात असेल. शाळेतून परतताना बहीण चिखलात पडते आणि रडू लागते. छोटा भाऊ चिखलालाच बुक्क्या मारून जाब विचारतो, स्वतः नखशिखांत माखतो आणि शेवटी चिखलाने माफी मागितल्याचे बहिणीला सांगतो. जाहिरात गोड आहे आणि तिच्यातला जिव्हाळाही खोटा नाही. पण पाच वर्षांच्या मुलाच्या नजरेने ती पुन्हा पाहावी. पडते ती, लढतो तो; ती रडते, तो मार्ग काढतो. मळलेले कपडे घरी कोण धुणार, हे तर सांगण्याचीही गरज पडत नाही. बहिणीवर माया करावी हा धडा आणि बहीण म्हणजे जिला वाचवायचे असते ती, हा धडा एकाच घोटात पोटात जातो. मुलाला त्यातला एक ठेवून दुसरा वगळता येत नाही. किंडर जॉयचा मामला याहून सरळ आहे. मुलग्यांसाठी निळे आणि मुलींसाठी गुलाबी अशी दोन वेगळी अंडी भारतात विकली गेली. आतला चॉकलेटचा भाग एकच, वेगळे होते ते खेळणे. तोवर गाडी आणि बाहुली दोन्हींवर हक्क सांगणाऱ्या मुलाला त्यातले आपले कोणते हे वाण्याच्या दुकानातच कळले.

लिंगाच्या साच्याजोडीला वंशाचाही साचा असतो; तो आपल्याकडे बहुधा रंगाच्या रूपाने येतो. फेअर अँड लव्हलीच्या गाजलेल्या जाहिरातीत मुलगा असता तर बरे झाले असते असे वाटणारा बाप होता आणि क्रीम लावून उजळल्यावर हवाईसुंदरी होऊन घर सावरणारी मुलगी होती. लिंगभेद आणि वर्णभेद दोन्ही त्यात एकाच पाटावर जेवायला बसलेले होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या तक्रारीनंतर २००३ मध्ये ती बंद झाली. २०१४ मध्ये जाहिरात मानक परिषदेने, सावळी माणसे दुःखी, अनाकर्षक किंवा अपयशी दाखवू नयेत असा दंडक घातला आणि २०२० मध्ये क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला. तरी युनिसेफ आणि जीना डेव्हिस इन्स्टिट्यूट यांनी २०१९ मधल्या हजाराहून अधिक भारतीय जाहिराती तपासून २०२१ मध्ये जो अहवाल दिला, त्यात स्त्री-पात्रांपैकी ६६.९ टक्के आणि पुरुष-पात्रांपैकी ५२.१ टक्के उजळ किंवा मध्यम-उजळ वर्णाची भरली. पालक म्हणून स्त्री-पात्रांपैकी १८.७ टक्के दिसली आणि पुरुष-पात्रांपैकी ५.९ टक्के. ज्या ठाणे जिल्ह्यात उन्हात आणि खाडीत राबणारे आगरी-कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहतात, तिथल्या मुलाला जाहिरातीतल्या सुखी घरात आपल्यासारखा रापलेला चेहरा शोधावा लागतो. जाहिरातींच्या मधल्या वेळेत जे कार्टून लागते, त्या 'छोटा भीम'मधल्या दांडगट मुलाचे नाव कालिया आहे. चित्रकलेच्या तासाला मेणखडूच्या पेटीतल्या फिकट गुलाबी खडूला वर्ग बिनदिक्कत 'स्किन कलर' म्हणतो. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते, पण मुलाच्या दिवसात त्या सुट्या येत नाहीत.

जाहिरातीतला खोटेपणा आपल्याला नवा नाही, मग याच खोटेपणाचे एवढे काय? मला वाटते, दोन प्रकारच्या खोटेपणात मूलभूत अंतर आहे. साबण दहा डाग काढतो असे सांगितले आणि त्याने चारच काढले, तर लबाडी पहिल्याच धुण्यात उघडी पडते. वस्तूबद्दलचा दावा वापराच्या कसोटीला लागतो. मुलाला स्वतःबद्दल जे सांगितले जाते त्याला अशी कसोटीच नसते, कारण ऐकणारा ते खरे करून दाखवू लागतो. २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात बियान, लेस्ली आणि सिम्पियन यांचा अमेरिकन मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या मुली स्त्रियांना पुरुषांइतकेच हुशार मानत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुली मात्र 'अतिशय हुशार' म्हणून पुरुषाकडे अधिक बोट दाखवू लागल्या आणि 'हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे' असे सांगितलेल्या खेळापासून दूर राहू लागल्या. जो खेळ खेळलाच नाही त्यात आपण हुशार निघालो असतो का, हे कधी कळणार? रंगाबाबत केनेथ आणि मॅमी क्लार्क यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत बाहुल्यांचे प्रयोग केले. बहुसंख्य काळ्या मुलांनी 'छान' बाहुली म्हणून गोरी बाहुली उचलली. १९५४ च्या ब्राऊन खटल्यात शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या कामाचा दाखला घेतला. या दोन्ही अभ्यासांत जाहिरातींची परीक्षा घेतलेली नव्हती, हे मान्य केले पाहिजे. पण आजूबाजूचा निवाडा मूल किती लवकर स्वतःवर लादून घेते, एवढे त्यांतून नक्की कळते. आणि आजूबाजूच्या निवाड्यांत सर्वांत जास्त वेळा उच्चारला जाणारा निवाडा जाहिरातीचा आहे.

'मी कोण' हा प्रश्न आपल्या परंपरेने फार वर ठेवला आहे. त्याचा शोध हाच वेदान्ताचा सगळा खटाटोप. आणि त्याचे उत्तर ज्याचे त्याने शोधायचे, गुरूनेही फक्त वाट दाखवायची, अशी तिथली शिस्त. बुद्धाने कालाम लोकांना सांगितले की ऐकीव आहे, परंपरेत आहे किंवा सांगणारा मोठा आहे एवढ्यावर काही स्वीकारू नका, स्वतः पारखा. ज्याला पारखण्याची शक्तीच अजून आलेली नाही, त्याच्यापुढे विश्वासाचा फायदा घेऊन बोलणे हे या उपदेशाच्या नेमके उलट आहे. आणि त्यावर पोट भरणे हे अष्टांगमार्गातल्या सम्यक आजीवात बसवणे कठीण. यावर स्वधर्माचा आक्षेप येईल: स्त्रीचे आणि पुरुषाचे कर्तव्य वेगळे असे धर्मच सांगत आला, मग जाहिरात वेगळे काय करते? धर्माने हे सांगितले हे खरे आणि त्याने पुष्कळ अन्याय झाला हेही खरे. पण स्वधर्माच्या कल्पनेतही माणसाचा स्वभाव आधी येतो आणि कर्तव्य त्यातून निघते. इथे स्वभाव उमलण्याआधीच कर्तव्य वाटले जाते, आणि वाटणाऱ्याचा हितसंबंध मालाच्या खपापुरता असतो. परंपरेवर श्रद्धा असणाऱ्यालाही ही वाटणी आपली म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर हमखास येते: आमचा विठ्ठल सावळा, राम सावळा, द्रौपदीचे नावच कृष्णा; आम्हाला कसला आलाय रंगाचा दुजाभाव? हे समाधान फार सोपे आहे. उसाच्या बाकाचा आणि रसाच्या गोडीचा दाखला देऊन वरच्या रंगाला भुलू नका असे चोखोबांनी सांगितले, आणि त्याच चोखोबांना देवळाबाहेर ठेवले गेले. देवाच्या सावळ्या रंगावर ओव्या रचणारा समाज वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात 'गोरी', 'निमगोरी', 'गव्हाळ' अशी प्रतवारी लावतो. 'शादी डॉट कॉम'ला रंगाचा फिल्टर काढायला २०२० साल उजाडावे लागले. देव्हाऱ्यातला रंग घरातल्या मुलीपर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचवण्याचे काम माणसांचे आहे, आणि जाहिरात नेमकी उलट दिशेने काम करते.

मग जाहिरातवाले म्हणतात, आम्ही समाजाचा आरसा. जसा समाज तशी जाहिरात. ठाणेकरांना याच्या उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. पूर्व द्रुतगती मार्गावरच्या ज्या नाक्याला सगळे शहर 'कॅडबरी' म्हणते, त्या नावाच्या कंपनीची १९९४ ची जाहिरात आठवावी. फलंदाज तरुण षटकार मारतो आणि त्याची मैत्रीण सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत शिरते. २०२१ मध्ये तीच जाहिरात पुन्हा केली गेली, पण फलंदाज ती आणि नाचणारा तो. चॉकलेट तेच आणि आनंदही तोच. बदललेल्या भूमिकांनी जाहिरात पडली नाही, उलट तिचे कौतुकच झाले. आरसा म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे, कारण आरशाला समोरच्याची बॅट दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. जाहिरात ही निवड असते. ती ज्या खोलीत ठरते तिथली माणसे मोठी आहेत आणि आपण काय करतो हे त्यांना पुरते कळते. ही जाहिरात लहानांसाठी केलेली नव्हती, पण साच्याविना माल विकता येतो एवढे ती सिद्ध करते.

सर्वांत वजनदार आक्षेप पालकांच्या जबाबदारीचा आहे. रिमोट तुमच्या हातात आहे, बंद करा. यात तथ्य आहे, आणि रिमोट मुलाच्या हाती देऊन मोकळे होणाऱ्या पालकांनी ते ऐकले पाहिजे. पण दिवसाचे तीन-चार तास प्रवासात घालवणाऱ्या आणि पगारासाठी घराबाहेर असणाऱ्या माणसावर सगळे खापर फोडून बाकीच्यांना हात झटकता येणार नाहीत. 'मुलांसाठीची जाहिरात' आणि 'मोठ्यांसाठीची जाहिरात' ही कायद्यातली रेघही एका खोलीच्या घरात पुसली जाते, कारण आजीच्या मालिकेतली क्रीमची जाहिरात नातही पाहतेच. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात मुलांच्या अननुभवाचा आणि भाबडेपणाचा फायदा घेऊ नये, स्वतःच्या शरीराबद्दल त्यांच्या मनात न्यूनभाव निर्माण करू नये, असे म्हटले आहे. वर्णाची टवाळी करणाऱ्या जाहिरातीला तर १९९४ च्या केबल नियमांपासूनच बंदी आहे. पण नियम टवाळी पकडतो. गोड जाहिरातीतला साचा त्याच्या चिमटीत सापडत नाही. याउलट कॅनडातल्या क्वेबेकने १९८० पासून १३ वर्षांखालच्या आणि स्वीडनने १९९१ पासून टीव्हीवर १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून जाहिरात करण्यालाच बंदी घातली. कोणती जाहिरात वाईट याचा कीस काढत बसण्यापेक्षा कोणाशी बोलायचे नाही हे ठरवणे सोपे आणि न्याय्य आहे. वाहिन्या जाहिरातींवर चालतात ही अडचण खरी आहे, पण मुलाच्या दुधाचे पैसे मूल देत नाही. पालकांशी बोलून तोच माल विकण्यापासून कोणीही कोणाला अडवलेले नाही.

शेवटचा आक्षेप असा की माणूस साच्यापेक्षा चिवट असतो. आनंदीबाई जोशींचा काळ किती कठोर होता, तरी कल्याणात १८६५ मध्ये जन्मलेली ही मुलगी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालीच ना? आनंदीबाईंचे उदाहरण मला वेगळेच काही सांगते. त्यांना विरोध करणारी माणसे समोर उभी होती, त्यांना तोंड होते, नाव होते. अमेरिकेला जाण्यापूर्वी १८८३ मध्ये सेरामपूरला भर सभेत उभे राहून, आपण का जातो आणि इथे राहून का शिकू शकत नाही, याची उत्तरे या तरुण मुलीने एकेक करून दिली. विरोध कडवा होता, पण त्याला उलट बोलता येत होते. शिवाय त्यांच्यासारखी एखादी निसटली म्हणून न निसटलेल्या हजारोंवरचा अन्याय पुसला जात नाही. जाहिरात विरोध करतच नाही, ती लाडाने बोलते, आणि तिला उलट विचारायला समोर कोणी नसते.

यातून दोन कर्तव्ये निघतात. विकणाऱ्याचे कर्तव्य असे की, जो आपल्याला उलट विचारू शकत नाही त्याच्याशी सौद्याची भाषा करू नये. आणि घरातल्या, शाळेतल्या मोठ्यांचे कर्तव्य असे की, मुलाला ही उलट विचारण्याची ताकद लवकर द्यावी. जाहिरात लागली की 'हे काय विकतायत? आणि रडायला मुलगीच का घेतली?' एवढे विचारायला कसली साधने लागत नाहीत. ते आजीलाही करता येते आणि बालवाडीच्या बाईंनाही. दुकानदाराने आपल्या मालाबद्दल बोलावे, हवे तेवढे गोड बोलावे. माझे मूल कोण आहे आणि कोण होऊ शकत नाही, हे सांगण्याचा परवाना त्याला कोणत्याही धर्माने किंवा कायद्याने दिलेला नाही, आणि मुलाच्या वतीने हे बजावण्याची जबाबदारी ते मोठे होईपर्यंत आपली आहे.