पाठ टाचणावरची सही

आमच्या शेजारी एक चाचा राहतात. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत त्यांनी तीस वर्षे लेथ मशीनवर काढली. आता निवृत्त आहेत. अस्रच्या नमाजनंतर ओट्यावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून प्रश्न विचारतात. एके संध्याकाळी माझी पाळी आली.

"मास्तर, तुम्ही मास्तर लोकांना शिकवता. मग तुम्हाला कोण शिकवतं?"

मी हसत म्हणालो, "आम्हाला सरकार शिकवतं, चाचा. तीन-तीन आठवडे भरपगारी पाठवून शिकवतं."

चाचा हसले नाहीत. "मी हातलेथवर उस्ताद होतो. कारखान्यात सीएनसी आलं आणि विशीतल्या पोराच्या हाताखाली उभा राहिलो. लाज वाटली. पण करणार काय? जॉबचं माप चुकलं की सुपरवायझर सगळ्यांसमोर तो तुकडा टेबलावर ठेवायचा. तुमचा जॉब रिजेक्ट झाला तर कोण ठेवतं टेबलावर?"

या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना अजून दिलेले नाही. येथे जे लिहीत आहे ते म्हटले तर त्यांनाच आहे.

मी एम.एड. झालो आणि एका डी.एड. विद्यालयात अध्यापक म्हणून लागलो. प्राथमिक शाळेत मी एक दिवसही शिकवलेले नव्हते. तरीही प्राथमिक शिक्षक घडवण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्यात काही वावगे आहे असे ना मला वाटले, ना मला नेमणाऱ्यांना. बालमानसशास्त्र मी पुस्तकातून शिकलो होतो आणि पुस्तकातूनच शिकवीत होतो. पुढे शिक्षकभरती थांबली, डी.एड.च्या जागा रिकाम्या पडू लागल्या, विद्यालये पटापट बंद झाली. मी बी.एड. महाविद्यालयात आलो. येथे बढतीची शिडी अधिक नीट बांधलेली होती. आधी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, मग तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग, मग वरची वेतनश्रेणी. २०१० नंतर त्यात गुण मोजण्याची पद्धत आली. चर्चासत्राला इतके गुण, शोधनिबंधाला इतके. मग शोधनिबंध पाडायचे कारखाने निघाले. पैसे भरा, पंधरा दिवसांत छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली, तेव्हा माझे दोन निबंध ज्यात छापले होते तेही त्यात गेले असेल का, हे मी पाहिलेच नाही. मला वेतनश्रेणी मिळून गेली होती.

हे सगळे खोटेच होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. एका उजळणी वर्गात एक वयस्क प्राध्यापिका आल्या होत्या. त्यांनी आम्हा चाळीस जणांना चौथीच्या पुस्तकातला अपूर्णांकाचा एक प्रश्न घातला आणि विचारले, मूल येथे कोणती चूक करील? आणि ती चूक त्याच्या दृष्टीने बरोबर का असेल? आम्ही चाळीसही जण गप्प. त्या दिवशी मी शिकलो. उरलेले वीस दिवस सही केली.

या सहीपाशी माझी खरी अडचण आहे. सराव पाठाच्या दिवसांत छात्राध्यापक पाठ टाचणांचे गठ्ठे आणून ठेवायचे. उद्दिष्टे, शैक्षणिक साधने, फलकलेखन, सारे रकाने भरलेले. त्यातले कितीतरी पाठ वर्गात घेतलेच गेले नव्हते, हे मला ठाऊक असायचे. सराव शाळा वेळ देत नसे, वर्ष संपत आलेले असे, मुले गरीब घरची, वर्ष वाया गेले तर घरचे पुन्हा पाठवणार नाहीत. मी सही करायचो. कधी दयेने, बहुतेक वेळा आळसाने.

त्यातलीच एक मुलगी काही वर्षांनी भेटली. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत लागली होती. सलाम-दुआ झाली, मग संकोचत म्हणाली, "सर, तुम्ही गटपद्धत शिकवली होती. माझ्याकडे एका खोलीत चार इयत्ता बसतात. पहिलीला गटात बसवलं तर चौथीचं काय करायचं? पहिली दोन वर्षं मी रोज रडले, सर. आता जमतं. पण त्या दोन वर्षांतली मुलं गेली ना पुढे." तिने तक्रार केली नव्हती. अदबीने, जणू स्वतःचीच चूक सांगावी तसे सांगितले. चाचांच्या भाषेत, तिने जॉब टेबलावर ठेवला होता.

शिक्षकाच्या हातून चूक झाली तर ते मूल निदान त्याच्या डोळ्यांसमोर असते. शिक्षक घडवणाऱ्याची चूक ज्यांना भोगावी लागते ती मुले त्याला कधीच दिसत नाहीत. मी ज्यांच्या टाचणांवर सह्या केल्या, त्यांनी प्रत्येकी किती मुले शिकवली असतील याचा हिशोब मी एका रात्री करायला घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला. हक्कुल-इबाद म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, ते ज्याचे त्यानेच माफ करायचे असतात, असे आपण लहानपणापासून ऐकतो. ज्यांची नावेही माहीत नाहीत त्यांच्याकडे माफी मागायला कुठे जायचे?

अशा वेळी आपल्याच शहराचा इतिहास आठवतो. सिंथिया फरार ही अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईत आली, १८३९ पासून अहमदनगरला राहिली आणि १८६२ मध्ये येथेच वारली. (शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, ती अहमदनगरातच जगली, म्हणून तसे लिहिले.) सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे याच बाईंच्या संस्थेत घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. फातिमा शेखही येथेच शिकल्या असे आपल्याकडे अभिमानाने म्हटले जाते. त्याचा पुरावा पक्का नाही आणि अभिमानासाठी पुरावा ताणू नये. २०२५ च्या जानेवारीत तर फातिमा नावाची कोणी बाई होती की नाही, येथपर्यंत वाद गेला. पण सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात फातिमाचे नाव आहे, तेवढे मला पुरते.

मला मोह वाटतो तो निराळ्याच गोष्टीचा. सावित्रीबाईंना घडवणाऱ्या या बाईला आधी स्वतः मराठी शिकावी लागली. सातासमुद्रापलीकडून आलेली तिशीतली बाई, नगरच्या पोरीबाळींच्या तोंडची भाषा अक्षरापासून गिरवते आहे. तिचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवायचे कारण नाही. त्याबद्दल कोणाला काय वाटायचे ते वाटो. पण ज्यांना शिकवायचे त्यांच्यापुढे आधी विद्यार्थी होऊन बसणे तिला चुकले नाही. मला ते चुकवता आले, कारण माझ्याकडे पदवी होती.

फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला निवेदन दिले, त्यात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकांची मागणी आहे. जवळजवळ एकशे तीस वर्षांनी, महाराष्ट्रातल्या २९१ डी.एड. संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०११ मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमावा लागला. शिक्षक घडवणाऱ्यांच्या स्वतःच्या तयारीची सोय वाढवा, असे त्या आयोगाने २०१२ मध्ये सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षकांना वर्षाला पन्नास तासांचे प्रशिक्षण नेमून दिले. तास मोजता येतात, म्हणून ते मोजले जातात. कोरोनाच्या काळापासून प्रशिक्षण मोबाइलवर आले. व्हिडिओ चालू ठेवून भाकरी थापता येते, हे आमच्या घरीच मी पाहिले आहे. माझी बायकोही शिक्षिका आहे.

माझा एक सहकारी म्हणतो, "नियत काय धरून बसलास? बढतीसाठी का होईना, माणूस वर्गात बसला तर कानावर काहीतरी पडतंच." त्याचे म्हणणे मला पूर्वी पळवाट वाटायचे. आता तितकेसे वाटत नाही. विनाअनुदानित महाविद्यालयात पूर्ण पगारावर सही करून अर्धा घरी नेणारा अध्यापक मी पाहिला आहे. बढती हे त्याच्या लेकरांचे दूध आहे. त्याला साफ नियतचे व्याख्यान कोणत्या तोंडाने द्यायचे? करिअर हा शब्द आपल्याकडे उगाच बदनाम आहे. वरच्या जागेची इच्छा धरणे हराम नाही.

तरीही इमाम गझाली आठवतात. बगदादच्या निजामियाचे ते सर्वांत मोठे उस्ताद. आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावलौकिकासाठी, या शंकेने त्यांना असे ग्रासले की शिकवायला उभे राहिल्यावर जीभ चालेनाशी झाली. १०९५ मध्ये त्यांनी ते पद सोडले. ही गोष्ट वाझ-बयानात पुष्कळदा ऐकायला मिळते. तिचा उत्तरार्ध कमी ऐकायला मिळतो. अकरा वर्षांनी, ११०६ मध्ये, ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले. नियत पूर्ण निर्मळ झाल्याचा दाखला मिळाला म्हणून नव्हे. शिकवणे टाळणे हीसुद्धा स्वतःची सोय पाहणे असू शकते, असे त्यांना वाटू लागले होते.

मी काही गझाली नाही. पद सोडले नाही, वेतनश्रेणी परत केली नाही, ती परत घेणारी खिडकीही कुठे नसते. एवढेच केले की, त्या मुलीला फोन केला आणि विचारले, "बेटी, तुझ्या शाळेत शनिवारी मला येऊ देशील का? तपासायला नाही. शिकवायला."

पहिल्या शनिवारी चाळीस मिनिटांत माझे सगळे मानसशास्त्र संपले. पहिलीतल्या एका पोराने पाटी उलटी धरली होती. मी ती सरळ केली, त्याने पुन्हा उलटी केली. पाटीच्या त्या बाजूचा कोपरा फुटका होता आणि तो बोटाला लागत होता, हे कळायला मला अर्धा तास लागला. ती मुलगी, आता बाईच म्हणायला हवे, मागे चौथीला बेरजा घालून देत उभी होती. तिने ते केव्हाच पाहिले होते, पण मध्ये पडली नाही. तास संपल्यावर हळूच म्हणाली, "सर, पहिल्या महिन्यात माझंही असंच व्हायचं."

यंदा सराव पाठाचे गठ्ठे आले तेव्हा तीन टाचणे मी परत केली. वर्गात पाठ घ्या, मी मागे बसतो, मग सही करतो, असे सांगितले. दोघांनी पाठ घेतले. तिसऱ्याचे वडील भेटायला आले होते. औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर हमाली करतात. म्हणाले, "साहेब, एका सहीचाच तर प्रश्न आहे."

त्यांना मी चहा दिला. सही अजून केलेली नाही.