गाडा कुणाकडे आहे?

सकाळी अंगणात सडा घालत होते, तेवढ्यात वरच्या आळीतली सून फाटकाशी आली. कडेवर अकरा महिन्यांचं बाळ. "काकू, पांगुळगाडा तुमच्याकडंच आहे ना?" दोन दिवसांपासून बाळ भिंतीला धरून उभं राहायला लागलंय, हे तिनं मागाहून सांगितलं. आधी गाडा. मी बादली खाली ठेवली आणि माळ्यावर चढले.

गोणपाटात गुंडाळून ठेवलेला गाडा खाली काढला, ओल्या फडक्यानं पुसला. तीन चाकं, वर धरायला आडवी मूठ, बस्स. माझ्या थोरल्यासाठी सासऱ्यांनी इथल्याच सुताराकडून करून घेतलेला. पुढचं चाक आजवर दोनदा बदललंय. ते बाकीच्या दोघांपेक्षा जरा लहान आहे, म्हणून गाडा चालताना किंचित पुढं झुकतो. मूठ मात्र पहिलीच. इतक्या बाळांच्या ओल्या तळव्यांनी ती नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत झाली आहे. माझी दोन, दिराची तीन, शेजारच्या गुरुजींच्या जुळ्या, मग आळीतली कितीतरी. त्यातली काही आता पुण्यात नोकरीला आहेत. गाडा शेवटचा ज्या घरात चालला त्या घरात पडून राहतो, आणि पुढचं बाळ उभं राहिलं की त्या बाळाच्या घरचं कुणीतरी तो मागायला येतं. असा नियम कुणी केला नाही, पण मोडलेलाही मी पाहिला नाही.

परवाच लेकीचा फोन झाला होता. पिंपरीला तिचं दोन खोल्यांचं घर, आणि पाय ठेवायला जागा नाही एवढी खेळणी. "आई, आता विकत काही आणायचं नाही असं ठरवलंय. पण मग पोराला द्यायचं काय?" तेव्हा मी तिला नीट सांगू शकले नाही. आज गाडा पुसता पुसता मनात जुळणी होत गेली.

गेल्या वर्षी नातू चार वर्षांचा झाला. बॅटरीवर चालणारी मोटार मीच त्याला घेतली होती, लाल दिव्यांची, भोंग्याची. चौथ्या दिवशी ती थांबली. तो ती घेऊन माझ्याकडं आला. "आजी, नीट कर." पालथी करून पाहिली तर खालचं झाकण चिकटवून बंद केलेलं, स्क्रूला जागाच नाही. माझ्यानं काही होईना, त्याच्या बापाच्यानंही होईना. पोरगं तासभर ती मोटार मांडीवर घेऊन गप्प बसून राहिलं. रडलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मग भादवी पोळा आला. आपल्या जुन्नर-आंबेगावकडं बैलांचा सण भाद्रपदाच्या अमावस्येला. लेक त्याला घेऊन आली होती. घोड नदीच्या काठचा गाळ आणला, पाटीभर. त्यात चुलीतली राख चाळून मळायची, म्हणजे बैल वाळताना तडकत नाही. पाय जाड ठेवायचे. पोटाला चिकटवताना सांध्यावरून पाण्याचं बोट फिरवायचं. उन्हात ठेवायचा नाही, सावलीत वाळवायचा. हे मला माझ्या आजीनं दाखवलं, मी त्याला दाखवलं. त्याच्या बैलाचं वशिंड डोक्यापेक्षा मोठं झालं. मी हात लावला नाही.

तीन दिवसांनी आळीतल्या पोरांनी ओट्याला फळी टेकवून घाट केला. आमच्याकडची पोरं ती, बैल हातात आला की त्यांना शर्यतच सुचते. भिर्रर्र करत एकेकाची बारी सुटली. नातवाचा बैल फळीवरून घसरला आणि पुढचा एक पाय मोडला. मी दारातून पाहत होते. त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं, पण तो माझ्याकडं आला नाही. बादलीत उरलेल्या ओल्या मातीत हात घातला, पाय वळला, पाण्याचं बोट फिरवलं. नवा पाय बाकीच्या तिघांपेक्षा लांब झाला, बैल लंगडा उभा राहिला. तो बैल आजही पिंपरीच्या घरात खिडकीत आहे. मोटार कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही.

लेकीला मला हेच सांगायचंय. पैसे वाचतात म्हणून विकत आणू नये, असं माझं म्हणणं नाही. मोडलं तर आपल्या हातानं पुन्हा करता येईल असं काहीतरी पोराजवळ असावं. नाहीतर मोडल्या वस्तूपुढं त्याला नुसतं मोठ्यांच्या तोंडाकडं बघत बसावं लागतं.

नातवानं जिचा गाळ मळला तीच घोड खाली शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत मातीचा एक बैल निघाला, बिनडोक्याच्या देवीसोबत ठेवलेला. तो पूजेतला असणार, खेळातला नाही. पण तो वळणाऱ्या बाईच्या की बाप्याच्या मांडीशी एखादं पोर गाळ चिवडत बसलं नसेल, असं मला काही वाटत नाही.

हाताशी असेल त्यातूनच पोरांना शिकवायचं, हे मोठ्या शिक्षिकांनीही केलंय. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातली बालवाडी सुरू केली, पुढं दहा-बारा वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसरीबाईंची साधनं ताराबाईंना पाठ होती, पण तो महागडा लाकडी सरंजाम वारली पाड्यात कुठून आणायचा? त्यांनी शिंपले, खडे, बिया, पानं घेतली. त्यांवरच मोजणं, लावणं, लहानमोठं ओळखणं शिकवलं. पोरं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९७५ मध्ये सरकारी योजनेनं तो घेतला आणि देशभर पोचवला. आपल्या तालुक्यातल्या अंगणवाडीत रंगीत प्लास्टिकचे ठोकळे आले की सगळ्यांना आनंद होतो, मलाही होतो. फक्त तिथल्या बाईंनी दाराबाहेरचे चिंचोके आत घेणं थांबवू नये. एक मात्र कटाक्षानं पाळायचं. तीन वर्षांच्या आतलं पोर जवळ असेल तर चिंचोका, सागरगोटा, गुंडी त्याच्या हाताला लागू द्यायची नाही. तोंडात गेलंच म्हणून समजा.

पुण्यात आयुका या संशोधन संस्थेच्या आवारातल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता २००३ पासून अकरा वर्षं टाकाऊ वस्तूंची खेळणी करत होते. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आयआयटी शिकलेला माणूस, सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी तुकडे करून त्यात आगकाड्या खोचायचा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही, चार काड्यांचा चौकोन एका बोटानं कलतो. मी हे नातवाला करून दाखवलं, गुल काढलेल्या काड्यांनी, आणि मग वर बोट केलं. आमच्या कौलांखालची कैची त्रिकोणीच आहे. तो किती वेळ आढ्याकडं बघत होता! त्या दिवसापासून रस्त्यावरचा वीजमनोरा दिसला की मोजतो, "आजी, त्रिकोण."

आणि पोरांना मोठ्यांची कामं हवी असतात, हे आपण विसरतो. पश्चिमेकडच्या गावांत आवणीच्या दिवसांत बांधावरच्या पोराला भाताची मूठभर रोपं देतात, खाचराचा एक कोपरा देतात. त्याची ओळ वाकडी येते. कुणी ती उपटून पुन्हा लावत नाही, तसाच भात येतो. लेकीकडं खाचर नाही, पण परात आहे, कणीक आहे, ओल्या शेंगा सोलायच्या असतात. छोटं लाटणं त्याच्या हाती दिलं की अर्धा तास कसा जातो, तिला कळायचं नाही. अर्थात तो अर्धा तास तिलाही तिथं बसावं लागेल. ते अवघड आहे, नोकरी करून दमून आलेल्या बाईला फार अवघड, आणि खेळणी एवढी का साठतात याचं कारणही तिथंच आहे. आपण जवळ नसतो म्हणून ती आणतो. मीही तशीच आणली होती.

बाजारात आहुप्याकडून उतरलेली एक बाई मागच्या महिन्यात पाहिली. पाठीवर हिरड्याचं बोचकं, सोबत पाच-सहा वर्षांची पोर. हिरडा विकला आणि त्यातून पोरीला केस असलेली बाहुली घेतली. पोर ती छातीशी धरून एसटीच्या रांगेत उभी. त्या माऊलीला मी काय सांगणार, मातीची कर म्हणून? तिच्या लहानपणी चिंध्यांचीसुद्धा होती की नव्हती. तिनं घेतली ते बरोबर केलं. मी बोलतेय ते पाय ठेवायला जागा नसलेल्या घरांबद्दल.

सून गाडा न्यायला थांबली होती. म्हणाली, सासरच्या कुणीतरी दुकानातला वॉकर द्यायचं म्हणत होतं, बाळाला आत बसवायचा, चाकांचा. मी म्हटलं, नको गं. कॅनडात तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी आहे. बाळं जिन्यावरून गडगडतात, चुलीपर्यंत, गरम भांड्यापर्यंत पोचतात, आणि चालायलाही लवकर शिकत नाहीत. हा गाडा बाळाला बसवत नाही. ते आपल्या पायांवर उभं राहिलं तरच याचा उपयोग.

फाटकाबाहेर फरशीवर तिनं बाळाला उभं केलं. त्यानं मूठ धरली, एका हातानं, मग दुसऱ्या. पुढचं लहान चाक खाली झुकलं आणि गाडा एकदम वीतभर पळाला. बाळ ओणवं झालं, पण मूठ सोडली नाही.

"पहिले चार दिवस मागच्या आडव्या पट्टीला विटेचा तुकडा बांध," मी म्हटलं, "म्हणजे पळणार नाही. पावलं टाकायला लागलं की सोड."

"नि नंतर कुणाला द्यायचा, काकू?"

"येईल कुणीतरी विचारत."

ती गाडा एका हातात आणि बाळ कडेवर घेऊन आळी चढून गेली. सडा अर्धाच झाला होता, मी बादली उचलली.