उशिराची साक्ष

माणूस आठ-दहा दिवसांनी नखं कापतो आणि कापलेलं न पाहता टाकून देतो. त्या तुकड्यात चार-सहा महिन्यांपूर्वीचा तो असतो.

दिसतं ते नख मेलेलं. म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीच्या घडीखाली झाकलेला. तिथं पेशी जन्मतात, मागून येणाऱ्या पेशी त्यांना पुढं रेटतात, त्या दबून चपट्या होतात, केंद्रक विरून जातं आणि केराटिन तेवढं मागं राहतं. केस, शिंग, खूर यांचंही द्रव्य तेच. अंगठ्याच्या नखाच्या बुडाशी पांढरट चंद्रकोर दिसते, तो त्या नखमुळाचा बाहेर आलेला काठ.

गुलाबी रंगही नखाचा स्वतःचा नसतो. तो खालच्या गादीतल्या रक्ताचा. नख दाबलं की पांढरं होतं, सोडलं की दोनेक सेकंदांत रंग परततो. रक्त बोटाच्या टोकापर्यंत पोहोचतं आहे का, हे अत्यवस्थ रुग्णापाशी उभा असलेला डॉक्टर आजही असंच पाहतो. त्याला यंत्र लागत नाही. रुग्णाचा हात हातात घ्यावा लागतो.

हिरण्यकशिपूनं वर मागताना सजीवाकडून मरण नको म्हटलं आणि निर्जीवाकडूनही नको म्हटलं. नरसिंहानं शस्त्र उचललं नाही, नखं वापरली. ज्यांनी ही कथा रचली, त्यांनी नख नीट पाहिलं होतं.

हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं किंवा त्याहून कमी. हाताचं पूर्ण नख बदलायला सहा महिने, पायाच्या अंगठ्याचं बदलायला वर्ष ते दीड वर्ष. मधल्या बोटाचं भराभर येतं, करंगळीचं रेंगाळतं. ज्या हातानं आपण काम करतो त्याचं थोडं अधिक वाढतं. मेल्यावर मात्र नखं वाढत नाहीत. कातडी सुकून मागं सरते आणि नख लांबल्याचा भास होतो.

विल्यम बेनेट बीन या अमेरिकी डॉक्टरांनी १९४१पासून स्वतःच्या डाव्या अंगठ्याच्या नखाची वाढ मोजली. नखाच्या बुडाशी कानशीनं बारीक खूण करायची आणि ती टोकापर्यंत कधी पोहोचते हे टिपून ठेवायचं. पस्तीस वर्षं त्यांनी हे केलं. वयाच्या ३२व्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, ६७व्या वर्षी ०.०९५. या दोन आकड्यांपुढं मला नेहमी थांबावंसं वाटतं. म्हातारपण दरसाल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी मापानं आलं, आणि एका माणसानं ते येताना पाहिलं.

आपल्याकडं ही खूण सरकार करून देतं. १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरची शाई मतदाराच्या बोटाला लागते. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. कातडीवरची शाई काही दिवसांत झडते, नखावरची नखाबरोबर पुढं चालत राहते. मुंबईनं २० मे २०२४ला लोकसभेसाठी मत दिलं आणि त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेसाठी. मधले सहा महिने म्हणजे मेमधला डाग टोकाला जाऊन कापला जाण्याइतका काळ. नोव्हेंबरात नव्या शाईला कोरं नख मिळालं.

नखाला झालेली इजा नख पुढं नेऊन टाकून देतं. मुळाला झालेली आयुष्यभर उमटत राहते. दारात चेंगरलेलं, काळं पडून गळालेलं नख बहुधा पुन्हा येतं. मूळ फाटलं असेल तर येणारं प्रत्येक नख फाटकंच येतं.

लहान मुलांच्या बाबतीत शरीर याहून उदार आहे. शेफिल्डच्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ साली लिहिलं की बोटाचं टोक तुटलेल्या मुलाची जखम शिवून बंद न करता स्वच्छ करून नुसती झाकून ठेवली, तर टोक पुन्हा भरून येतं. तुटलेला भाग शेवटच्या सांध्याच्या पुढचा हवा, आणि घरच्यांपाशी धीर हवा.

ताप विसरला जातो, नख तो लिहून ठेवतं. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ साली नखांवरच्या आडव्या खाचांकडं लक्ष वेधलं. टायफॉइडसारख्या मोठ्या आजारात नखमूळ काही दिवस काम थांबवतं. पुन्हा सुरू झालं की त्या खंडाची खाच नखावर येते, एकाच वेळी सगळ्या बोटांवर. ती बुडापासून ६ मिलिमीटर पुढं आली असेल तर आजार दोन-अडीच महिन्यांपूर्वीचा. कोविडनंतर अशा खाचा अनेकांनी पाहिल्या आणि ते घाबरले. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. मूळ पुन्हा कामाला लागल्याची ती खूण होती. महिना-दोन महिन्यांच्या तान्ह्या बाळांच्या नखांवरही अशी खाच दिसते. ती जन्माची.

पांढऱ्या ठिपक्यांना लोक कॅल्शियमची कमतरता समजतात. बहुतेक वेळा ते मुळाशी बसलेल्या बारीकशा धक्क्याचे असतात. त्यांची काळजी करू नये.

काळजी काळ्या रेघेची करावी. सावळ्या कातडीच्या अनेकांना नखात काळसर रेघा जन्मभर असतात आणि काही होत नाही. पण एकाच नखात नव्यानं आलेली, रुंदावत जाणारी, मागच्या कातडीवर उतरणारी रेघ डॉक्टरांना दाखवावी. ठेचेचं साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. जे सरकत नाही ते ठेचेचं नव्हे. गायक बॉब मार्लीच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं आधी फुटबॉलमधल्या दुखापतीचं वाटलं. १९७७ साली तो मेलॅनोमा, म्हणजे कातडीचा कर्करोग, ठरला. १९८१ साली, छत्तिसाव्या वर्षी, मार्ली गेला.

दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं एकमेकांना पाठीला पाठ लावून टेकवा. मधे चौकटच्या पत्त्यावरच्या खुणेसारखी फट दिसायला हवी. बोटांची टोकं फुगून नखं घुमटाकार झाली की ती फट बुजते, आणि बिघाड फुप्फुसात किंवा हृदयात शोधावा लागतो. ही खूण दक्षिण आफ्रिकेतले हृदयतज्ज्ञ लिओ शॅमरोथ यांनी १९७६ साली नोंदवली. हृदयाच्या आतल्या अस्तराला जंतुसंसर्ग होऊन ते स्वतः आजारी होते आणि आपल्याच बोटांवर बदल पाहत होते. एवढं आजारी असतानाही बोटांकडं जिज्ञासेनं पाहता येतं, हे मला त्या खुणेइतकंच मोलाचं वाटतं.

लांब नख म्हणजे कामातून सुटलेला हात. चीनची सम्राज्ञी त्सशी हिच्या छायाचित्रांत बोटांवर लांबलचक नखत्राणं दिसतात. पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ साली, चौदाव्या वर्षी, डाव्या हाताची नखं कापणं थांबवलं. २०१८ साली न्यूयॉर्कमध्ये ती कापली गेली तेव्हा पाचांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर होती. जगात कुणाच्या एका हाताची नखं एवढी वाढली नव्हती. तो हात मात्र मिटता-उघडता येईनासा झाला होता.

आणि कामातला हात. धुणीभांडी करणाऱ्या बाईची नखं वाढतच नाहीत, झिजतात. दिवसभर पाण्यात आणि साबणात राहून नखाच्या बुडाशी असलेली बारीक कातडी सुटते. ती कातडी म्हणजे दाराला लावलेली पट्टी. सुटली की पाणी आत, पाण्यामागं जंतू आणि बुरशी. कडा सुजतात, ठणकतात, नख खडबडीत होतं. गावाकडं याला नखुरडं म्हणतात आणि बोट लिंबात खोचून ठेवतात. भाताच्या लावणीत बायका दिवस दिवस चिखलात वाकून असतात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, नखं मऊ पडतात. पू झालेलं नखुरडं डॉक्टर मोकळं करून देतात. पण हे दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळतं तेव्हा औषध पहिल्यांदा कोरडेपणाचं लागतं, आणि कोरडेपणा ही चैन या बायकांना परवडत नाही. आत सुती, वर रबरी असे हातमोजे घरमालकांनी आणून द्यावेत. भांडी त्यांची आहेत.

नखाच्या बुडाची ती कातडी काही लोक पैसे देऊन कापून घेतात. घेऊ नये.

पायाच्या अंगठ्याचं नख सरळ कापावं. कोपरे गोल केले, खोल कोरले की नवं नख मांसात रुततं. पिवळं, जाड, भुसभुशीत झालेलं नख बुरशीचं असू शकतं, सोरायसिसचंही असू शकतं. तुकडा तपासून मग औषध घ्यावं. बुरशी मेली तरी विद्रूप नख तसंच राहतं आणि वर्षभर पुढं सरकत जातं. तोवर लोकांचा औषधावरचा विश्वास उडालेला असतो.

नख बाकदार असायला हवं. ते सपाट होतं, मग मधे खोलगट होतं, चमच्यासारखं, इतकं की पाण्याचा थेंब त्यावर ठरतो. तान्ह्या मुलांच्या पायांवर असं नख आपोआप येतं आणि जातं. मोठ्या बाईच्या हातांवर दिसलं तर आधी रक्त तपासावं, कारण अनेकदा ते लोहाच्या कमतरतेचं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना पंडुरोग आढळला. सगळ्यांच्या नखांवर तो उतरत नाही. ज्यांच्या उतरतो, त्यांच्या अंगात तो कधीपासूनचा मुरलेला असतो. दम लागतो तो जिन्यामुळं, थकवा येतो तो वयामुळं, असं त्यांना सांगितलेलं असतं आणि त्यांनीही ते मानलेलं असतं.

नखांवर रंग चढला की हे काही दिसत नाही. शस्त्रक्रियेआधी नखांचा रंग पुसायला सांगतात. तपासणीला जातानाही तो पुसून जावं.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या की हिमोग्लोबिन काही आठवड्यांत चढू लागतं. अंगातला साठा भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात. नख तर सगळ्यांत मागं. आधी बुडाशी थोडा बाकदार भाग येतो आणि पुढं जुना खोलगट भाग असतोच. अर्धं वर्ष दोन्ही एकाच बोटावर राहतात. याच काळात बाई गोळ्या सोडते. पोट बिघडतं, शौचाला काळं होतं, बरंही वाटू लागलेलं असतं. काळं होणं हे लोहामुळंच असतं आणि त्याचं भय नसतं, एवढं तरी गोळ्या हातात देतानाच तिला सांगायला हवं, आणि पोट बिघडलं तर गोळी बदलून मिळते हेही.