हाकेला ओ

मार्था मिल्स ही इंग्लंडमधील १३ वर्षांची मुलगी. २०२१ च्या उन्हाळ्यात सुटीवर असताना ती सायकलवरून पडली आणि हँडल पोटावर आदळून तिच्या स्वादुपिंडाला इजा झाली. लंडनमधील किंग्ज कॉलेज रुग्णालयात उपचार सुरू असता तिच्या रक्तात जंतुदोष भिनला. प्रकृती ढासळत असल्याची भीती आईने पुनःपुन्हा बोलून दाखविली. परंतु अतिदक्षता विभागात तिला वेळेवर हलविण्यात आले नाही. ३१ ऑगस्ट रोजी ती गेली. तिला आधीच हलविले असते तर बहुधा ती वाचली असती, असा निर्णय २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने दिला.

साधने होती, तज्ज्ञही होते. मग उणीव कशाची होती? शरीर आधीच सूचना देत असते: श्वास वेगाने चालतो, रक्तदाब उतरतो, बोलणे असंबद्ध होते. हे आकडे तक्त्यावर लिहिले जातात. पण त्यांचा अर्थ लावून दुसऱ्या विभागाचे साहाय्य मागणे म्हणजे ‘हे आता माझ्या आवाक्यातले नाही’ अशी कबुली देणे होय. ज्ञानी माणसाला तीच कबुली सर्वांत जड जाते.

डॉक्टरांची बाजूही विचारात घेतली पाहिजे. अतिदक्षता विभागातील खाटा मोजक्या असतात आणि नातलगांची प्रत्येक भीती खरी नसते. म्हणून आईचा शब्द हा निकाल मानता येणार नाही. तो साक्ष मात्र नक्कीच आहे. साक्ष पारखून नाकारता येते, न ऐकता नाकारण्याचा अधिकार कुणालाही नाही. शिवाय दोन्ही चुकांचे मोल सारखे नसते. विनाकारण केलेल्या फेरतपासणीत थोडा वेळ जातो. टाळलेल्या तपासणीत जीव जाऊ शकतो.

मार्थाच्या आईवडिलांनी चिकाटीने प्रयत्न केले आणि २०२४ पासून इंग्लंडच्या रुग्णालयांत ‘मार्थाचा नियम’ लागू होऊ लागला. त्यानुसार रुग्ण, नातलग किंवा कनिष्ठ कर्मचारी यांना स्वतंत्र तज्ज्ञ पथकाकडून तातडीची फेरतपासणी मागता येते. रुग्णाला हलवायचेच, असे हा नियम सांगत नाही. ऐकून घ्यायचे, एवढेच तो सांगतो.

तरीही मनात एक शंका उरते. मार्थाची आई एका मोठ्या वृत्तपत्रात संपादक होती. शब्द हेच जिचे साधन, तिचेही शब्द तोकडे पडले. मग ज्याच्या उशाशी कुणीच बसलेले नाही, त्याच्यासाठी हाक कोण मारणार? रात्रपाळीच्या परिचारिकेला वरिष्ठांचा रोष पत्करूनही ती मारावी लागेल. आणि तिच्या हाकेला न रागावता ओ देणे, हे वरिष्ठांचे कर्तव्य आहे. ते नियमाने शिकविता येईल. पण अंगी बाणविण्यासाठी नम्रताच लागेल.